कुहीच्या तळ्याचे देणे

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार

ही डायरी लग्नांच्या तारखा लिहायला आणली होती. आजवर तीत तीनच लग्ने लागली आणि त्यातल्या एकाने परवा येऊन बयाणा परत मागितला. तेव्हा उरलेल्या पानांवर आपलेच लिहावे.

दुष्काळ आहे. सरकारने जेवणावळीला माणसांची मर्यादा घातली आहे. माझ्या बाराशे ताटांना आता कोण विचारतो? वडिलांनी, म्हणजे दादाजींनी, नागपूरच्या महाल भागात हे बिछायत केंद्र टाकले तेव्हा सतरंज्या, कनाती आणि भांडी भाड्याने देत. मी त्यात हुशारी केली. ओमप्रकाशकडून कर्ज काढून नवा शामियाना आणि चारशे लोखंडी खुर्च्या घेतल्या. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांना अंथरूण पुरवणाऱ्या माणसाला हे कळायला हवे होते.

ओमप्रकाश आज दुकानात उभा राहून म्हणाला, पैसे नाही दिले तर दिवाणी तुरुंगात बसवीन. आत शामला गहू निवडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि मधले दार लोटून घेतले.

९ फेब्रुवारी

वकील शोधतो आहे. कोर्टाजवळच्या एकाने आधी फी मागितली. म्हटले, फी असती तर आपल्याकडे कशाला आलो असतो? दिवाळे काढायलाही भांडवल लागते हे मला माहीत नव्हते. दुसऱ्याने चहा पाजला आणि रातोरात रायपूरला निघून जा असा सल्ला दिला. चहाबद्दल त्याचे आभार मानले.

१४ फेब्रुवारी

सदर भागात एक मधुकरराव वकील सापडले. शिंप्याच्या दुकानावर खोली, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि एकच जाडजूड पुस्तक. हसत नाहीत. फी हप्त्याने चालेल म्हणाले, तिथेच मी त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो.

मी विचारत गेलो, ते सांगत गेले. स्वतःहून नादारीचा, म्हणजे दिवाळ्याचा, अर्ज केला आणि खरे सांगितले तर कोर्ट अटकेपासून संरक्षण देते. कोर्ट एक रिसीव्हर नेमते, तो माल विकून सगळ्यांना वाटतो. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि रोजच्या स्वयंपाकाची भांडी घेत नाहीत. बायकोचे दागिने तिचे. मी विचारले, नंतर पुन्हा धंदा करता येतो काय? म्हणाले, सुटकेचा हुकूम झाला की येतो.

मग त्यांनी तीन याद्या मागितल्या. कोणाचे देणे आहे, आपल्याकडे काय आहे, आणि दुसऱ्याच्या मालकीचे आपल्याकडे काय पडून आहे. तिसऱ्या यादीतला माल घेणेकऱ्यांना मिळत नाही, तो मालकाकडे परत जातो. उठताना म्हणाले, "केशवराव, जाणूनबुजून एखादं नाव गाळू नका. बाकीची देणी सुटतील. गाळलेलं तुमच्या मानेवर राहील."

१८ फेब्रुवारी

याद्या करायला बसलो. पहिलीत सतरा नावे झाली. यमुताईचे लिहिले नाही. माझी थोरली बहीण, नागपूरलगतच्या बेशाला एकटी राहते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिनेच मला वाढवले. खुर्च्या घेताना तिने आपल्या चारही पाटल्या मोडून दिल्या होत्या. नाव लिहू काय विचारले तर म्हणाली, "बहिणीचं देनं कोनी कागदावर लिहिते काय गा?" मलाही ते बरेच पडले.

दुसरीसाठी दादाजींची जुनी वही काढली. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात आहे: "कुहीचे तळे. गंज एक, तांब्याचा, मोठा. परत करणे." खाली दर वर्षाची एक ओळ, "नारळ व खण पोचता केला." शेवटची ओळ १९६४ ची, ते गेले त्या वर्षीची.

ही गोष्ट आम्हां भावंडांना पाठ आहे. दादाजींच्या गावाजवळच्या तळ्याला म्हणे लग्नाच्या आदल्या दिवशी अक्षत द्यायची आणि भांडी मागायची. सकाळी काठावर भांडी लागलेली असत. लग्न झाले की घासून पुन्हा पाण्यात सोडायची. दादाजींनी आपल्या लग्नातला गंज, ते मोठे पातेले, ठेवून घेतला, नागपूर गाठले आणि त्या एका गंजावर धंदा उभा केला. तेव्हापासून तळ्याने कोणाला भांडी दिली नाहीत. दादाजी हे सांगताना कधी हसले नाहीत. मी मात्र ते गेल्यावर नारळ बंद केला. उगाच एस.टी.चे भाडे.

तिसऱ्या यादीत तळ्याचे नाव घालू? कोर्टात माझी गाढवावरून धिंड निघेल. ती यादी कोरी ठेवली.

२५ फेब्रुवारी

हे लिहू नये, पण कुठेतरी लिहिलेच पाहिजे. गंज दुसऱ्या यादीतही घातला नाही. शंभर माणसांची भाजी शिजेल एवढा गंज आहे. सगळे लिलावात जाईल तेव्हा पुन्हा सुरुवात करायला एक तरी भांडे हवे. दादाजींनी एकावरच केली ना? सायकल-रिक्षात घालून, वर गोधडी टाकून, बेशाला यमुताईच्या ओसरीत ठेवून आलो. ती म्हणाली, "आपला हाय का तो?" मी म्हटले, नाही तर कोणाचा?

३ मार्च

अर्ज दाखल झाला. यादी खरी व पूर्ण आहे असे शपथेवर लिहून सही केली. मधुकररावांनी पुन्हा एकदा विचारले. मी म्हटले, सगळे आले.

११ मार्च, रविवार

बेशाला गेलो होतो. विहिरी तळाला गेल्या आहेत, बाया पहाटेपासून टँकरची वाट पाहतात. यमुताईकडे मात्र गंज काठोकाठ भरलेला. म्हणाली, रोज सकाळी भरलेला असतो. शेजारच्या प्रयागबाईला दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, पाणी देते, कोणी मागितले तर त्यालाही देते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच पाणी. म्हातारपणी माणूस विसरते, कोणीतरी भरून जात असेल. पाणी गार होते. तळाशी शिंगाड्याची दोन पाने दिसली, हिरवीगार. मार्चमध्ये शिंगाडे कुठले? बाजारातून काही आले असेल.

पाणी प्यायलो. यमुताईने पोहे केले होते. ती बरीच खूश दिसली, चार लोक तिच्या दारात यायला लागले आहेत.

२० मार्च

कोर्टाची जाहीर नोटीस निघाली आणि दुकानात घेणेकऱ्यांची रांग लागली. ज्याने कधी दहा रुपयांची सुतळी दिली तोही हिशेब घेऊन आला. ओमप्रकाश खुर्ची टाकून मध्यभागी, जशी वरात त्याचीच.

सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. हिरवे लुगडे, काष्टा, कुहीकडच्या बाया नेसतात तसे. मी तिला तीनदा विचारले, तुमचे काय? ती नुसती भांड्यांच्या मांडणीकडे पाहत होती, एकेक ओळ मोजल्यासारखी. गर्दी ओसरली तेव्हा ती नव्हती. तिच्या जागी फरशी ओली होती. शामलाने पोछा मारला, पुन्हा ओली. म्हणाली, "इथं प्यायला पाणी नाही अन् हिचं लुगडं ओलं कसं?" मी म्हटले, चालून आली असेल, घाम आला असेल. शामला पोछा पिळायला मागे गेली.

१ एप्रिल, रविवार

ती बाई बेशालाही जाऊन आली. यमुताईच सांगत होती. गंज मागितला म्हणे, अगदी शांतपणे. यमुताईने सांगितले, भावाची अडचण आहे, कोर्टाचे निपटले की तो स्वतः आणून देईल. यावर ती बाई म्हणाली, मग तोवर बदल्यात काहीतरी ठेवा.

हे तर आमच्याच धंद्यातले बोलणे. भांडे परत आले नाही तर आम्ही गिऱ्हाइकाच्या घरातली तोलामोलाची वस्तू आणून ठेवतो आणि भांडे मिळाले की ती परत करतो. दादाजींपासूनची रीत आहे. म्हणजे बाई कोणा बिछायतवाल्याची असणार. ओमप्रकाशनेच पाठवली असेल, गंज कुठे आहे हे काढायला. यमुताईला बजावले, दार उघडू नको.

ती म्हणाली, "मले तिची भीती नाही वाटत गा केश्या. तिचं बोलनं मायसारखं हाय." मग म्हणाली, "माह्या घरात तोलामोलाचं काय हाय? मीच हावो."

आम्ही दोघेही हसलो.

८ एप्रिल

यमुताई नाही.

प्रयागबाईने निरोप पाठवला म्हणून धावत गेलो. दार सताड उघडे, चुलीवर भाकरीचा तवा. चष्मा कोनाड्यात. चष्म्याशिवाय तिला हातभरावरचे दिसत नाही. चपलाही दारात. प्रयागबाई म्हणते, सकाळी हिरव्या लुगड्यातल्या बाईचा हात धरून शेताकडच्या पांदणीच्या वाटेने गेली, हाक मारली तर वळली नाही. गंज ओसरीत तसाच, आणि आज कोरडा ठणठणीत. चौकीत लिहून दिले. जमादार म्हणाला, गेल्या असतील पाहुण्याकडे.

१० एप्रिल

कुहीला जाऊन आलो. दादाजींच्या गावापासून तळे कोसभर. आटले आहे. मधे हंडाभर पाण्याचे डबके, बाकी भेगाळलेला गाळ. काठावर एक धोंडबा नावाचा गुराखी भेटला, ओल्या गाळातली पावले त्यानेच दाखवली. दोन बायांची, अनवाणी, काठावरून डबक्याकडे. मी डबक्याला वळसा घातला. पलीकडून बाहेर निघालेली पावले सापडली नाहीत. धोंडबाला म्हटले, गाळ पलीकडे वाळला असेल, म्हणून उमटली नसतील. तो म्हणाला, असंन.

यमुताईच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी दाराखाली चेंगरली होती. ती वाकडी उमटलेली होती. मी तिथेच गाळात बसून मोठ्याने रडलो. धोंडबा गुरे घेऊन दूर गेला.

१२ एप्रिल

मधुकररावांना सगळे सांगितले. गंज, वही, बाई, पाऊल. म्हणाले, खोटी शपथ घेतली म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो, संरक्षण जाऊ शकते आणि तुरुंगही होऊ शकतो. मी म्हटले, गंज आज रात्रीच तळ्यात टाकून येतो, कोणाला काय कळते? ते म्हणाले, "अर्ज केल्यापासून तुमच्याकडची वस्तू कोणालाही द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. दिलीत तरी रिसीव्हर ती परत आणवील. मग तुमच्या बहिणीला पुन्हा जावं लागेल काय, ते मला सांगता येत नाही."

हा माणूस चेष्टा करतो की काय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. कोर्टात खरे सांगायचे ठरले. ओमप्रकाशने तुरुंगात बसवले तर बसवो. मला माझी बहीण पाहिजे.

१६ एप्रिल, सोमवार

सांगितले. न्यायाधीशांनी विचारले, गंज कोणाचा? म्हटले, कुहीच्या तळ्याचा. कोर्टात हशा पिकला. ओमप्रकाशचा वकील उठून म्हणाला की माल लपवल्याचा हा कबुलीजबाब आहे आणि तळ्याला माल असतो हे त्याने प्रथमच ऐकले. मधुकरराव शांतपणे म्हणाले, कायदा देवाची मूर्ती मालक मानतो, तिच्या नावाने दावे चालतात. तळे मालक असू शकते की नाही हे आज ठरवायची गरज नाही. वहीत मालक लिहिलेला आहे, त्याला नोटीस द्या, कोणी आले नाही तर गंज घेणेकऱ्यांचा.

न्यायाधीशांनी वही हातात घेऊन नारळाच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केले. गंज रिसीव्हरने ताब्यात घ्यावा, तळ्याच्या काठी आणि गावच्या चावडीवर नोटीस चिकटवावी. गंजाची सुनावणी आणि माझ्या शपथेचा निकाल एकाच दिवशी, उन्हाळी सुट्ट्यांनंतर, १८ जूनला.

२४ एप्रिल

गंज सील करून नेला. कोर्टाच्या मालखान्यातला कारकून आज रस्त्यात भेटला, कुरकुरत होता. गंज ठेवला त्या कोपऱ्यातल्या फायली ओल्या होतात म्हणे. छप्पर पाहिले, नळ पाहिला. नळाला तर महिन्यापासून पाणीच नाही. मी म्हटले, भिंतीला ओल असेल.

९ मे

नोटीस लावायला कोर्टाच्या बेलिफासोबत मीही गेलो होतो. तळ्याच्या काठी पळसाच्या बुंध्याला नोटीस चिकटवली. मजकूर असा की, वर्णन केलेल्या गंजावर ज्याचा हक्क असेल त्याने जातीने किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावे. बेलिफाने पंचनाम्यावर धोंडबाचा अंगठा घेतला आणि बिडी पेटवली. बिडी संपायच्या आत कागद बुंध्यावर नव्हता. वारा नव्हता. बेलिफ म्हणाला, गाईने खाल्ला. आसपास गाय दिसत नव्हती. अहवालात त्याने नोटीस पोचली असे लिहिले.

२ जून

दर रविवारी बेशाला जाऊन ताईचे घर झाडून येतो. शामला सोबत येत नाही. तिला म्हटले, आल्यावर ताईला घर स्वच्छ दिसले पाहिजे. ती म्हणाली, "तुमी जा. मले तिथं बसवत नाही."

१८ जून, सोमवार

देव आहे! ताई सापडली.

आमचा नंबर तिसरा होता. शिपायाने दारात जाऊन पुकारा केला, "कुहीच्या तळ्याकडून कोनी हजर हाय काय?" बाहेर व्हरांड्यात लोक हसले. दुसरा पुकारा केला तेव्हा ओमप्रकाशच्या वकिलाने कागद आवरायला घेतले. तिसऱ्या पुकाऱ्याला मागच्या बाकावरून आवाज आला, "हाय."

यमुताई! ती कधी येऊन बसली होती कोण जाणे. वाळली नव्हती, उलट रंग उजळला होता. तिच्या अंगावर हिरवे लुगडे होते. विधवा झाल्यापासून तिने रंगीत नेसले नव्हते, कोणी दिले असेल. अनवाणीच पुढे आली, चष्मा नसताना कुठे ठेच नाही की धक्का नाही. न्यायाधीशांनी विचारले, तुम्ही तळ्याच्या वतीने? म्हणाली, "मी तिथलीच." गंजाची खूण विचारली, तर आतल्या बाजूला काठाखाली तीन टिंबे आहेत म्हणाली. मी चाळीस वर्षे तो गंज घासलेला पाहिला, मला ती टिंबे माहीत नव्हती. शिपायाने पाहिली, तीनच निघाली.

गंज तिला द्यायचा हुकूम झाला. पावतीवर तिने अंगठा दिला. ताई चौथी शिकलेली आहे, सहीचा केवढा अभिमान तिला, पण चष्म्याशिवाय काय करील? कागद भिजला म्हणून कारकुनाने तो टिपकागदात धरला. दोन शिपायांनी धापा टाकत आणलेला गंज तिने एकटीने उचलून कमरेवर घेतला.

माझेही झाले. उशिरा का होईना खरे सांगितले म्हणून शपथेबद्दल ताकीद देऊन सोडले. आजपासून मी कायद्याने नादार आणि ओमप्रकाश मला हात लावू शकत नाही. पण ते सगळे मी नीट ऐकलेच नाही. व्हरांड्यात धावलो, तिचा हात धरला. बर्फासारखा गार. म्हटले, ताई, घरी चल. तिने माझ्याकडे बघितले, चांगले शांतपणे, आपण नव्या गिऱ्हाइकाकडे बघतो तसे. म्हणाली, "घरीच चाललो, भाऊ. तुमचं काई देनं नाही आता."

जन्मभर मला केश्या म्हणाली, आज चारचौघांत भाऊ म्हणाली. माझे डोळे भरून आले. पुसेपर्यंत ती गर्दीत दिसेनाशी झाली. मधुकरराव शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उरलेली फी नको म्हणाले. का ते विचारायचे राहूनच गेले.

१९ जून

सकाळीच बेशाला गेलो. ताई पोचलेली नाही. एवढा गंज एस.टी.त घेत नाहीत, पायी नाही तर बैलगाडीने येत असेल. पीठ, गूळ आणि घासलेटचा डबा ठेवून प्रयागबाईकडे किल्ली दिली.

काल सगळे शामलाला सांगितले होते. हिरवे लुगडे, अंगठा, भाऊ म्हणाली ते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि आत जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. मी म्हटले, भर दुपारी काहून? तिने केस तसेच मोकळे सोडले, चूल पेटवली नाही, शेजारून भाकरी मागून आणली. आज मी बेशाहून परतलो तर दारातच पाण्याची बादली ठेवलेली. म्हणाली, "आत यायच्या आधी डोक्यावरून घ्या." एवढी पाण्याची टंचाई आणि हिचे हे. रागावलो मात्र नाही. म्हटले, आता नको, उद्या घेईन. उद्या पुन्हा बेशाला जायचे आहे, ताई तोवर आलेली असेल.